त्या दिवसांत महेश गोडाऊनला नव्हता

९ मे २०२३
मंजी दवाखान्यातून घरी आली. दिघाशीच्या पुढे पाड्यावर तिचं घर. मी आणि हे टेम्पोतून तिला सोडून आलो. पोर गेलं. पोट चांगलं दिसायला लागलं होतं.  उतरताना एवढंच म्हणाली, "ताई, मी त्याला सांगितलं व्हतं ना? तू व्हतीस ना तिथं?"

होते. वडप्याच्या गोडाऊनमध्ये शेजारच्याच टेबलावर पॅकिंग करत होते. कंपनीच्या सुपरवायझरला ती म्हणाली, साहेब, पोटात दुखतंय, बसून करायचं काम द्या. तो म्हणाला, "बैठना है तो घर जाओ. लोडिंग में आदमी कम है, उधर खड़ी रहो." मी म्हटलं, तिच्याऐवजी मी जाते. तर मला म्हणाला, तुम अपना टेबल देखो. पत्र्याखाली, एप्रिलच्या उन्हात, दुपारभर ती ट्रकमध्ये खोकी चढवत होती. संध्याकाळी गाडीत बसताना तिची साडी मागून...

पुढचं लिहवत नाही.

१४ मे
वडप्याहून आम्ही काही बायका शबानाबाईंकडे गेलो. वकील आहेत, कामगार युनियनचं काम बघतात. भिवंडीत लूमच्या गल्लीत माडीवर ऑफिस, खाली खडखडाट चालू, त्यामुळे त्या मोठ्यानेच बोलतात. वडील लूमवर होते म्हणाल्या.

मंजी पण आली. नको म्हटलं होतं तरी आली. भिंतीला टेकून बसली.

शबानाबाई म्हणाल्या, "युनियन करणं गुन्हा नाही, तुमचा हक आहे. सभासद व्हा, मागण्या लेखी द्या. त्यावरून कुणी कामावरून काढलं तर ते बेकायदेशीर. पण एक गोष्ट आत्ताच ऐका. तुम्ही ठेकेदाराची माणसं. कंपनी पहिलं हेच बोलेल, ये हमारे लोग नहीं. सगळी लढाई तिथेच आहे. काम कोण सांगतं? रजा कोण देतं? घरी कोण पाठवतं? हे ज्याच्या हातात, तो खरा मालक. कागदावर नाव कुणाचंही असू दे."

मग विचारलं, "ठेकेदार कौन है तुमचा?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीच सांगितलं. माझा भाऊ, महेश.

२१ मे
महेश आला. त्याची बायको सुषमा त्याला घेऊन आली होती. वाळलाय, पण डोळे स्वच्छ दिसले. एप्रिलच्या सुरुवातीला गेला होता कर्जतकडच्या केंद्रात, दारू सोडवायला. गावात सगळ्यांना सांगितलंय, नाशिकला काम बघायला गेला. कंपनीतही तेच. खरं फक्त सुषमाला, मला आणि ह्यांना माहीत.

मी मच्छी केली होती. पोटभर जेवला. कितीतरी दिवसांनी त्याचा हात थरथरला नाही.

मग मंजीचं सांगितलं. घास खाली ठेवला त्यानं.
"कोणी लावली तिला लोडिंगला?"
"कंपनीच्या माणसानं. दुसरं कोण होतं तिथं?"
"मी असतो तर..." आणि थांबला. रडला. आई गेली तेव्हा एवढासा होता, माझ्या कुशीत झोपायचा, तेव्हा रडायचा तसाच.

निघताना दारात माझा हात धरून म्हणाला, "बाय, मी कुठं होतो ते कुणाला बोलू नको. कोमलचं लग्न जमवायचं हाय. पोरीच्या बापाचं नाव खराब व्हायला नको." मी म्हटलं, नाही बोलणार. त्याने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला.

युनियनचं त्याला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगवलं नाही.

६ जून
सगळ्यांच्या सह्या घेऊन मागण्यांचं पत्र गेलं. टेबलापाशी बसायला स्टूल. पंखे. संडास जवळ. पोटुशी बाईला हलकं काम. प्रत्येकीला नेमणुकीचा कागद. एवढंच. आकाशातलं काही मागितलं नाही.

कंपनीचं उत्तर पण लगेच. सदर महिला आमच्या कामगार नाहीत, त्यांनी आपल्या ठेकेदाराशी संपर्क साधावा.

रोज सकाळी गेटच्या आत रांगेत उभं करून टार्गेट सांगतो तो माणूस कुणाचा मग? मुतायला जायचं तरी त्याला विचारावं लागतं.

शबानाबाई फोनवर हसल्या. म्हणाल्या, "देखा? मी बोलले होते."

१९ जून
म. घरी आला. चहा नको म्हणाला. हे बाहेर टेम्पो धूत होते, ते तिथेच थांबले.

"सह्या मागं घे, बाय."
"मी एकटीनं थोड्याच केल्यात?"
"तू घेतल्या की बाकीच्या पण घेतील. तुज्या तोंडाकडं बघून केल्यात त्यांनी. कंपनी माझा ठेका काढते बोलली. मग मी काय करू? शेती हाय का आता?"

शेती नाही, खरंच आहे. गोडाऊन उभं आहे ती जमीन बाबांची. ती गेली आणि बदल्यात म. ला माणसं पुरवायचा ठेका मिळाला. मी हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा तो पाया पडायला वाकला होता. मीच उठवलं. भावाकडून काय घ्यायचं, म्हटलं.

"आणि मंजीचं काय?" मी विचारलं.
"मंजीचं मला वाईट वाटत न्हाय का? पण मेलेलं पोर येणार हाय का परत?"

बोलून गेला आणि त्याचा त्यालाच धक्का बसला. चप्पल घालताना पाय सापडेना.  तो गेल्यावर चहा ओतून दिला.

१ जुलै
पाऊस. सकाळी गेटवर गेलो तर ठेकेदाराच्या नावाची पाटी नवीन. महेशचं नाव गेलं, सुषमाचं आलं. माझ्या भावजयीचं! ती बिचारी कधी त्या गेटच्या आत गेलेली नाही.

वॉचमन एकेकीला आत सोडत होता. सह्या केलेल्यांना बाजूला उभं करत होता. मंजीला बाजूला. पाड्याच्या बाकीच्या बायकांना बाजूला. माझी पाळी आली तर म्हणाला, "ताई, आप आ जाओ. आपका बोल के रखा है."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. साड्यांतून पाणी गळत होतं. 

मी म्हटलं, कोणी बोलून ठेवलंय? तो म्हणाला, "आपके भाई ने."

आत पत्र्याचं शेड दिसत होतं. माझं टेबल तिथून दिसत नाही, पण कुठं आहे ते माहीत होतं. मी मागे फिरले आणि मंजीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिने छत्री माझ्याकडे सरकवली. दोघी अर्ध्या अर्ध्या भिजलो.

१२ जुलै
ठाण्याला जाऊन तक्रार दाखल. औद्योगिक न्यायालय. युनियन केली म्हणून काढलं, ही अनुचित कामगार प्रथा. हा शब्द आता पाठ झाला. पाड्याच्या बायका "अनुचित"ला "अनूची" म्हणतात, जशी काय कुणाची पोरगी.

आज हसलो आम्ही. गेटवरून आल्यापासून पहिल्यांदा.

१५ नोव्हेंबर
भाऊबीज. गेले. ताट घेऊन बसले. सुषमाने दार उघडलं, डोळे सुजलेले. "ताई, ते बाहेर गेलेत. येतील." कोमल माझ्याजवळ बसून राहिली, माझ्या बांगड्या फिरवत. तो आला नाही. दिवा विझला तेव्हा उठले.

येताना गाडी वडप्याच्या नाक्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकली. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी येईल तो." मी मान हलवली.

२० फेब्रुवारी २०२४
तक्रार काढून टाकली. हरलो असं नाही म्हणे, "इथे चालत नाही". आम्ही कंपनीचे कामगार की ठेकेदाराचे, हाच वाद असेल तर तो आधी दुसरीकडे सुटला पाहिजे. मग या कायद्याखाली या. वरच्या कोर्टाचे जुने निकाल तसेच आहेत.

म्हणजे आम्हाला कामावर ठेवणारा कोण ते आम्ही आधी सिद्ध करायचं. आणि ते लपवायलाच तर सगळी पाटी बदललेली.

जिन्यावर एक बाई म्हणाली, "मग इतके दिवस आपण काय करत व्हतो?" शबानाबाई चष्मा पुसत राहिल्या. "अब लेबर ऑफिस. तिथून ट्रिब्युनल. लांब रस्ता आहे. जिला थांबायचं तिने थांबावं, मी कुणाला वाईट बोलणार नाही."

४ जून २०२४
लेबर ऑफिस. समेटाची तारीख. कंपनीतर्फे कोणी नाही. मागच्या वेळीही नव्हतं. साहेब चांगला आहे, पाणी देतो, पुढची तारीख देतो.

बायका कमी कमी होत चालल्या. काही शेलार गावात दुसऱ्या गोडाऊनला लागल्या. मी विचारलं तर नजर चुकवतात. कशाला चुकवायची? घर चालवायचं असतं प्रत्येकीला. मला तर वडप्याच्या पट्ट्यात कुणीच घेत नाही, नाव ऐकलं की गेटवरूनच परत. घरी पापड लाटते. ह्यांच्या टेम्पोवर चाललंय.

३ नोव्हेंबर २०२४
भाऊबीज. गेले नाही. कोमल येऊन गेली, बापाने पाठवली नव्हती.

२२ जानेवारी २०२५
समेट झाला नाही म्हणून वाद ट्रिब्युनलकडे गेला होता, त्यात आज कंपनीचे कागद आले. साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं. त्यात म. चं.

शबानाबाई म्हणाल्या, घरी नेऊन वाचा. मी तिथेच वाचलं, कॉरिडॉरमध्ये उभ्याने.

"मी रोज गोडाऊनला हजर राहून माझ्या कामगारांना काम नेमून देत होतो. सदर मंजुळा हिने स्वतःहून लोडिंगचं काम मागितलं. तिने प्रकृतीबाबत मला कधीही सांगितलं नाही. अर्जदार रंजना ही माझी सख्खी बहीण असून वडिलांच्या जमिनीत हिस्सा न मिळाल्याच्या रागातून तिने भोळ्या बायकांना फूस लावली आहे."

खाली सही. 'हेश' एकत्र काढतो तीच सही. मीच शिकवलेली, पाटीवर.

शब्द त्याचे नाहीत. "सदर" असं तो आयुष्यात बोललेला नाही. पण सही त्याची आहे.

११ मार्च २०२५
माझी उलटतपासणी. कंपनीचे वकील आवाज न चढवता विचारतात, त्यानेच जास्त घाबरायला होतं.

तुम्ही हक्कसोड केलं? केलं. नंतर जमिनीचे भाव वाढले, हे खरं? खरं. तुम्हाला पश्चात्ताप झाला? नाही. भावाच्या बंगल्याकडे बघून कधीच वाटलं नाही? नाही. मग भावाकडे जाणं बंद का? मी म्हटलं, साहेब, त्यानं बोलणं बंद केलं. "म्हणजे भांडण आहे." मी हो म्हटलं. लिहून घेतलं.

मागच्या बाकावर पाड्याच्या बायका. त्यांच्या तोंडावर मी वाचलं. भावाबहिणीच्या भांडणात आपण मेलो, असं.

परत येताना गाडीत कोणी माझ्याशेजारी बसलं नाही. जागा नव्हती म्हणून असेल.

८ एप्रिल
मंजीची साक्ष पुढच्या आठवड्यात आणि ती वीटभट्टीवर. नवऱ्याबरोबर दिवाळीनंतरच गेली, वाडा तालुक्याच्या बाजूला. फोन नाही. हे आणि मी शोधत गेलो. तिसऱ्या भट्टीवर सापडली. हात कोपरापर्यंत चिखलात. मला बघून आनंद झाला तिला, लपवता आला नाही. मग आठवलं असावं काहीतरी, चेहरा बंद केला.

"येऊन काय मिळंल ताई?"
"माहीत नाही."
"तू खोटं बोलत न्हायस ते बरं हाय." थोड्या वेळानं, "शेठ एक दिवस सोडत न्हाय. एक माणूस कमी पडलं का काम अडतं."

शेठला भेटलो. तो खाटेवरून उठलाच नाही. न्हाय जमणार, म्हणाला. तेव्हा हे पुढे झाले. "तिच्या जागी त्या दिवशी मी उभा राहतो." शेठ हसला. "चिखल तुडवता येतो का, टेम्पोवाले?" हे म्हणाले, "शिकवा."

लग्नाला इतकी वर्षं झाली. हा माणूस असं काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल
मंजीची साक्ष.

साधं सरळ सांगितलं तिनं. पोटात दुखत व्हतं, सुपरवायझरला बोलली, त्यानं खोकी उचलायला लावली. मग ते वकील उठले. ठेकेदार महेश रोज तिथे होता, त्याला का नाही सांगितलं? "मला दिसला न्हाय." दिसला नाही की शोधला नाही?  मग त्यांनी विचारलं, याआधीही तुमचं एकदा पोट पडलं होतं ना?

न्यायाधीश साहेबांनी थांबवलं त्यांना. प्रश्न काढून टाकला. पण मंजीच्या कानातून कोण काढणार?

बाहेर आवारात झाडाखाली बसलो. तिने पाणी पण घेतलं नाही.

"तुजा भाऊ तिथं व्हता, ताई. कागदावर लिवलंय त्यानं. मी उन्हात मरत व्हते आन् तो बघत व्हता कुठून तरी. वळखतो तो मला. माझ्या लग्नात जेवून गेलेला."

मला सहन झालं नाही. तोंडातून निघून गेलं. "तो नव्हता मंजी. त्या महिन्यात तो गोडाऊनला आलाच नाही. तो आजारी होता, दुसरीकडे होता."

तिने माझ्याकडे बघितलं. 

"हे तुला तवापास्न माहीत?"
"हो."
"आन् तू आज सांगते."

मी तिचा हात धरायला गेले. तिने हात सोडवून घेतला, हळूच, रागाने नाही. "मला कशाला सांगते? मी काय करू त्याचं? त्या वकीलबाईला सांग."

हे भट्टीवरून परस्पर घरी आले. पाय सुजलेले. गरम पाण्यात मीठ टाकून दिलं. काही विचारलं नाही त्यांनी, तरी सगळं सांगितलं.

१७ एप्रिल
दोन दिवस नुसती घरात फिरतेय. म. ला शब्द दिला आहे. त्याच्या डोक्यावर हात ठेवून.

पण तो नव्हता हीच तर आमची केस. ठेकेदार महिनाभर नाही आणि गोडाऊन रोज चालू. मग चालवत कोण होतं?

आणि दुसरं. तो नव्हता म्हणजे मंजीच्या पोराचं पाप त्याच्यावर नाही. स्वतःहून ते अंगावर घेऊन बसलाय, कंपनीसाठी. मी सांगितलं तर त्याचा एक कलंक धुतला जाईल आणि दुसरा लागेल.

ह्यांना विचारलं, काय करू. म्हणाले, "तू जे करशील त्यानंतर मी तुझ्याबरोबर आहे. आधीचं मला विचारू नको."

१९ एप्रिल
शबानाबाईंकडे गेले. म्हटलं, एक सांगते, पण अर्धंच. महेशला एवढंच विचारा की एप्रिल महिन्यात तो गोडाऊनला होता का. नव्हता. पण कुठे होता ते विचारायचं नाही. मला वचन द्या.

त्या बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसल्या. "कानून के हिसाब से मला तेवढंच पुरे आहे. कुठे होता त्याच्याशी मला घेणं नाही. वादा." मग म्हणाल्या, "पण रंजनाताई, कोर्टात प्रश्न विचारणारी मी एकटी नसते."

मला त्याचा अर्थ नीट कळला नाही.

२ जुलै
कोमलचं ठरलं. कल्याणकडचे लोक आहेत. मुलगा बँकेत. तिनेच फोन करून सांगितलं, लाजत. साखरपुड्याला ये आत्या, पप्पांना मी बघते. साडी काढून ठेवली.

१३ ऑगस्ट
म. ची उलटतपासणी.

पांढरा शर्ट, इस्त्रीचा. कपाळाला टिळा. आला तो माझ्याकडे न बघता उभा राहिला. केस पिकलेत कानाजवळ.

शबानाबाईंनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग, "एप्रिल दोन हजार तेवीसमध्ये आपण रोज गोडाऊनला होतात?"
"होतो."
"रोज?"
"हो."
"मंजुळाबाईंना लोडिंगला लावलं त्या दिवशी?"

तो थांबला. मान वर केली आणि शबानाबाईंकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. मी सांगितलंय ते कळलं. मला वाटलं आता तो खोटं बोलेल आणि मला शपथेवर खरं सांगावं लागेल. देवाशप्पथ, त्या क्षणी त्याने खोटं बोलावं असंच मला वाटत होतं.

"नव्हतो," म. म्हणाला.
"त्या आठवड्यात?"
"त्या महिन्यातच नव्हतो."
"मग बायकांना काम कोण सांगत होतं?"
"कंपनीचा सुपरवायझर. मी असलो तरी तोच सांगतो."

शबानाबाई खाली बसल्या. वचन पाळलं त्यांनी. एक शब्द जास्त विचारला नाही.

मग कंपनीचे वकील उठले. सावरून घ्यायला. अगदी गोड आवाजात. "आपण कामानिमित्त नाशिकला होतात आणि तिथून फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होतात, बरोबर?"

नुसतं "बरोबर" म्हणायचं होतं त्याला. एक शब्द. सगळे सुटलो असतो, तो, कोमल, मी. केस गेली असती, जाऊ दे.

"न्हाय साहेब. दारू सोडवाच्या केंद्रात होतो. तिथं फोन काढून घेतात."

टायपिंग करणाऱ्या मुलीने विचारलं, परत सांगा. त्याने परत सांगितलं. सावकाश, तिला लिहिता यावं म्हणून.

मग साहेबांनी नाही, कोणी नाही विचारलं, तरी मंजी बसली होती त्या बाजूला वळून म्हणाला, "मी असतो तर तुला लोडिंगला जाऊ दिली नसती." पावसाळ्यात भट्टी बंद असते म्हणून ती आली होती. तिने पदर तोंडाला लावला.

बाहेर आले तर तो गाडीत बसून निघून गेलेला. शबानाबाई माझा हात दाबून म्हणाल्या, "केस उभी राहिली आज." मी त्याची गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत होते.

३० ऑगस्ट
कल्याणच्या लोकांनी निरोप पाठवला. सध्या थांबू या. कंपनीने सुषमाच्या नावचा ठेकाही काढला. दोन्ही बातम्या सुषमाने फोनवर एकाच दमात सांगितल्या आणि मग म्हणाली, "ताई, तुम्ही आईच्या जागी होता त्यांच्या." फोन ठेवला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. कोमल पण आली नाही.

२८ नोव्हेंबर
दोन्हीकडचे युक्तिवाद संपले. निकाल राखून ठेवला. कधी ते सांगितलं नाही. साहेबांची बदली होणार अशीही कुजबुज आहे.

शिवाय नवीन कामगार कायदे लागू झालेत गेल्या आठवड्यात. बायका विचारतात, मग आपली केस गेली का? शबानाबाई म्हणाल्या, "आपला वाद जुना आहे, जुन्या कायद्यानेच बघतील असं मी धरून चाललेय. पण नवीन आहे सगळं, मी पण वाचतेय अजून." त्या पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या.

जिंकलो तर काय, असं एकीनं विचारलं. कामावर परत घेतील? घेतील किंवा हायकोर्टात जातील. त्या गोडाऊनला आता म्हणे पट्टे आपोआप फिरतात, माणसं कमी लागतात.

मंजीने निघताना मला हाक मारली. "ताई, तुज्या भावाला सांग, मी त्याच्यावर राग धरला न्हाय." मी म्हटलं, सांगेन. कसं सांगणार?

९ डिसेंबर
म. परत प्यायला लागला होता. मला कोणी कळवलं नव्हतं. आज कोमलचा फोन. पप्पा स्वतःच केंद्रात गेले, आत्या. कोणी नेलं नाही. सकाळी पिशवी भरली आणि गेले. गावात सगळ्यांना सांगून गेले, कुठे चाललोय ते.

बोलताना रडत होती, पण आवाज घट्ट होता. म्हटलं, तू? म्हणाली, मी बी.एड.चा फॉर्म भरतेय. लग्नाचं बघू.

२१ डिसेंबर
रविवार. केंद्रात भेटायचा दिवस. पहाटे उठून तांदळाच्या भाकरी केल्या, सुक्या बोंबलाची चटणी, त्याला आवडतं तसं कैरीचं लोणचं. ह्यांनी टेम्पो काढला.

गेटवर नाव सांगितलं. कोण लागता? बहीण. माणूस आत जाऊन आला. "सध्या नको म्हणतात." सुषमा आतच होती, ती पण बाहेर आली नाही.

म्हटलं, डबा तरी द्या. आणि निरोप द्या. मंजी म्हणाली, राग धरला न्हाय. माणसाने दोनदा नाव विचारून घेतलं, मंजी की मंजू. डबा घेऊन गेला.

आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. आतून भजनाचा आवाज येत होता, बरेच जण एकदम म्हणत होते. त्यातला त्याचा कुठला ते ऐकायचा प्रयत्न केला. नाही कळलं.

भेटायची वेळ संपली तेव्हा तोच माणूस डबा परत घेऊन आला. रिकामा. धुऊन, पुसून, झाकण घट्ट लावलेला. त्याने खाल्लं की कुणाला वाटून टाकलं? माणसाला विचारलं. तो म्हणाला, मावशी, मी गेटवर असतो, मला कसं माहीत.

कोर्टाकडून अजून काही नाही. रविवारी परत जाणार आहे.